‘नाटकं करते’ असं तिला म्हणू नका

घरात लेक किंवा सून गरोदर असेल, तर हे सगळ्यांनीच वाचा. नवऱ्याने आधी.

दिवस राहिले की तिच्या रक्तात एचसीजी नावाचं हार्मोन वाढू लागतं. लघवीच्या तपासणीत पट्टीवर रेघ उमटते ती याच्यामुळेच. सुरुवातीला ते दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होतं. नवव्या-दहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त असतं. मळमळही बहुतेकींना तेव्हाच जास्त होते. फोडणीच्या वासाने ती ताटावरून उठली, तर रागावू नका. थोडं थोडं, पण वरचेवर खायला द्या. पाणीसुद्धा पोटात राहत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन. ते गर्भाशय शांत ठेवतं. पण त्याने आतडीही सुस्तावतात. पोट साफ होत नाही, छातीत जळजळते, दिवसा झोप येते. तिला दुपारी पडू द्या, फक्त जेवल्याजेवल्या नको.

थायरॉइडची गोळी आधीपासून चालू असेल तर ती मनाने बंद करू नका. या काळात डोस बहुधा वाढवावाच लागतो. डॉक्टरांना लगेच कळवा.

आता साखरेचं. हे मला आवर्जून सांगायचंय. पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर वारेतून येणारी हार्मोन्स आईच्या इन्शुलिनचा जोर कमी करतात. बाळाला साखर पुरावी म्हणून शरीर हे करतं. पण काहीजणींच्या रक्तात साखर फार वाढते आणि बाहेरून काहीच कळत नाही. बाळ प्रमाणाबाहेर मोठं होतं, बाळंतपण अवघड जातं. म्हणून पहिल्या भेटीतच तपासणी करून घ्या, आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात, दोन तासांनी रक्त घेतात. या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही. आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला तर घाबरू नका. बऱ्याचजणींची साखर आहार आणि चालण्यानेच आटोक्यात येते. मात्र ‘दोन जिवांची आहेस’ म्हणत तिच्या ताटात शिरा वाढू नका.

वार पडली की हीच हार्मोन्स काही दिवसांत झपाट्याने उतरतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरात पेढे वाटले जात असतात आणि बाळंतीण रडत असते. तिला ‘रडतेस काय, बाळ तर छान आहे’ असं ऐकवू नका. रात्री बाळाला तुम्ही घ्या, दोन तास तिला सलग झोपू द्या. बहुतेकींचं हे रडणं दोन आठवड्यांत ओसरतं. त्यानंतरही ती उदास असेल, बाळाकडे बघत नसेल, तर डॉक्टरांकडे न्या. जगणं नको, असं ती कधीही बोलली तर दोन आठवडे थांबू नका. तिला एकटी सोडू नका आणि तडक दवाखाना गाठा. टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर कोणत्याही वेळी फुकट बोलता येतं.