बाबांचा ‘साधा’ खोकला

आकुर्डी, भोसरी, चिंचवड... कुठल्याही जुन्या कॉलनीत थंडीच्या दिवसांत सकाळी सहाला उठा. दूधवाल्याच्या आधी काय ऐकू येतं? खोकला! एक या बाल्कनीतून, दुसरा त्या बाथरूममधून. तीस-तीस वर्षं फौंड्रीत, ग्राइंडिंगवर, पेंट शॉपमध्ये काढलेली ही माणसं. त्यांची मुलं म्हणजे आपण, हिंजवडीला लॅपटॉप बडवणारे, नाहीतर कंपनीच्या बसमध्ये डुलक्या काढत चाकण गाठणारे. बाबांना विचारावं तर उत्तर ठरलेलं, ‘अरे, साधा खोकला आहे. हवा बदलली की होतो.’

बाबांचं हे वाक्य अर्धं बरोबर आहे. हवा बदलली की होतो हे खरं, पण तो साधा असेलच असं नाही. त्याचं नाव सीओपीडी असू शकतं. यात श्वासनळ्या सुजून अरुंद होतात, फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक फुग्यांच्या भिंती झिजतात आणि झिजलेलं काही परत येत नाही. औषधांनी गाडी रुळावर राहते, पण मधूनच आजार उसळतो. खरा घोळ इथेच आहे. प्रत्येक उसळीनंतर माणूस आधीच्याच पायरीवर परत येतो असं नाही. गेल्या वर्षी दुसऱ्या मजल्यापर्यंत न थांबता चढणारे बाबा यंदा पहिल्यावरच कठडा धरतात, ते बऱ्याचदा याचमुळे. शिवाय एकदा उसळला की पुन्हा उसळण्याची शक्यता वाढते.

‘पण आमच्या घरी कुणी सिगरेट ओढत नाही!’ असं म्हणून पान उलटू नका. सिगरेट-बिडी पहिल्या नंबरची गुन्हेगार आहेच. पण पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं, की सीओपीडीच्या अंदाजे २५ ते ४५ टक्के रुग्णांनी आयुष्यात कधी धूम्रपान केलेलंच नसतं. चुलीचा धूर, कारखान्यातली धूळ आणि वाफा, लहानपणीचे छातीचे आजार, अशी कारणं त्यांनी मोजली. म्हणजे गावाकडे चुलीपुढे निम्मं आयुष्य काढलेली आईसुद्धा या यादीत येते. तिचा खोकला तर कुणी मोजतच नाही.

आता उसळी कशाने येते? प्रत्येकाचं कारण वेगळं. माझ्या काकांचं बघा. फौंड्रीत मोल्डिंगला २८ वर्षं! रिटायर झाल्यापासून हिवाळ्यात एकदा तरी हॉस्पिटल ठरलेलं. ‘थंडी बाधते’ हे घरातलं ऑफिशियल निदान. शेवटी काकूंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज दोन शब्द लिहायला सुरुवात केली. कफ कसा, दम किती, त्या दिवशी घरात काय घडलं. दोन-अडीच महिन्यांत चित्र स्पष्ट! नातू शाळेतून सर्दी घेऊन आला की तीन-चार दिवसांत काकांची छाती भरलेली. ठेच्याची मिरची तव्यावर पडली की अर्धा तास खोकला. सोसायटीत डासांसाठी धूरफवारणी झाली की रात्र बसून. थंडी होती, पण एकटी नव्हती. मला तरी काकूंचं कॅलेंडर कुठल्याही हेल्थ अ‍ॅपपेक्षा भारी वाटतं.

यातली सर्दी नीट लक्षात ठेवा. चाकणच्या धुळीला आपण सगळेच शिव्या घालतो, पण अशा उसळ्यांमागे सगळ्यात जास्त वेळा असतो तो साधा विषाणू किंवा दुसरा एखादा संसर्ग. आणि तो घरी कोण आणतं? एसी ऑफिसात शेजारच्या क्युबिकलमधल्या शिंका झेलून आलेले आपणच! दरवर्षी फ्लूची लस आणि डॉक्टर सांगतील तेव्हा न्यूमोनियाची लस, हे बाबांसाठी. आपल्याला सर्दी असताना घरातही मास्क, हे आपल्यासाठी.

बाहेरच्या हवेचं म्हणाल तर हिवाळ्यात पहाटेची थंड हवा जमिनीलगत दबून राहते आणि धूर-धूळही तिच्यात अडकते. साडेपाचचा ‘शुद्ध हवेतला’ वॉक डिसेंबरात नेमका उलटा पडतो. ऊन वर आल्यावर जावं, आणि नाशिक हायवेच्या कडेने तर नकोच. पुण्याच्या आयआयटीएमची ‘सफर’ यंत्रणा २०१३ साली इथे सुरू झाली, तेव्हा भोसरी, निगडी, आळंदीलाही तिची केंद्रं होती. हवामानाइतकाच हवेचा आकडाही बघायची सवय लावून घ्या. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक कणांना अडवत नाही, नीट बसणारा एन-९५ अडवतो. मोशीचा कचरा डेपो एप्रिल २०२२ मध्ये पेटला, कुदळवाडीची भंगार गोदामं डिसेंबर २०२४ मध्ये. अशा दिवशी खिडक्या बंद आणि बाबा घरात. जमलंच तर चार दिवस ताईकडे.

पण खिडक्या बंद करून आत काय जाळता? २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डासांच्या एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगरेटींइतके बारीक कण निघालेले दिसले. एका कॉइलमधून! मच्छरदाणी आउटडेटेड दिसते खरी, पण तीच लावा. दिवाळीत आवाज नाही म्हणून पोरांच्या हाती देतो ती नागगोळी? पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने पुणे विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांबरोबर सहा प्रकारचे फटाके जाळून पाहिले, त्यात तीच सर्वांत वाईट निघाली. बारीक कण ६४,५०० मायक्रोग्रॅमवर! आपल्याकडे दिवसभराच्या सरासरीची मर्यादा आहे ६०. धूप, उदबत्ती, ताजा ऑइलपेंट, तीव्र वासाचा फिनेल यांचाही हिशोब ठेवा. घराला रंग काढायचाच असेल तर बाबा गावी गेल्यावर काढा.

इतकं करूनही उसळी येणार असेल तर ती आधी चाहूल देते. दम नेहमीपेक्षा जास्त, कफ जास्त, कफाचा रंग पिवळा-हिरवा. यातलं काही दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, वीकेंडची वाट नाही. एक वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, माणूस गुंगीत किंवा गोंधळलेला वाटत असेल तर सरळ १०८. आणि घरात ऑक्सिजनचा सिलिंडर असला तरी मनाने नळ वाढवू नका. या आजारात काही जणांना जास्त ऑक्सिजनही घातक ठरतो.

राहिला पंप. ‘इन्हेलरची सवय लागते’ हे वाक्य कुणी पसरवलं देव जाणे! बरं वाटलं की बाबा पंप कपाटात ठेवतात आणि पुढच्या उसळीला दार उघडं मिळतं. रोजचा पंप रोजच घ्यायचा, दम लागल्यावरचा वेगळा. कितीतरी जण वर्षानुवर्षं औषध घशातच मारत असतात, फुफ्फुसापर्यंत ते पोचतच नाही. पुढच्या व्हिजिटला पंप खिशात घालून न्या आणि बाबांना तो डॉक्टरांसमोर ओढून दाखवायला सांगा. निदानच झालं नसेल तर ‘स्पायरोमेट्री’ असं नाव घेऊन टेस्ट मागा. जोरात फुंकायचं असतं, दुखत नाही, आणि त्यासाठी अर्ध्या दिवसाची सुट्टी पुरते.