खालाच्या पाळणाघराला कागद हवेत

कोंढवा, मुंब्रा, मीरा रोड, कुठेही चौकशी करा. दोन-चार इमारतींमागे एक तरी खाला किंवा आपा भेटेल, जी सकाळी साडेआठपासून संध्याकाळी सातपर्यंत दुसऱ्यांची मुलं स्वतःच्या घरात सांभाळते. पैसे रोख, कधी पाच तारखेला, कधी पंधराला. नियम काय, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "आपलीच माणसं आहेत, कागद कशाला?"

माझा राग या वाक्यावर आहे. ते नेहमी पैसे देणाऱ्याच्या सोयीचं असतं. मूल खेळताना पडून कपाळाला दोन टाके पडले, की हीच आपली माणसं बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर खालाची इज्जत काढतात. अंगात ताप असताना मुलाला सोडून गेलो होतो, औषधाचं जाता जाता तोंडी सांगितलं होतं, हे तेव्हा कुणाला आठवत नाही. लिहिलेलं काही नसलं की ज्याचा आवाज मोठा, त्याचं खरं.

यात आम्ही शिकलेले सर्वांत पुढे. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. माझ्यासारखे लोक कंपनीत रुजू होताना पानामागून पान सह्या करतात, पगाराच्या स्लिपमधली शंभर रुपयांची कपात शोधून काढतात. आणि खालाने ईदला तीन दिवस सुट्टी घेतली, की त्या तीन दिवसांचे पैसे कापू पाहतात. स्वतःला भरपगारी रजा हक्काची वाटते, खालाने घेतली की ती नखरेवाली.

सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवलं होतं की काम करणाऱ्या मुस्लिम स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के घरातूनच काम करतात. सर्व समाजांचं मिळून हे प्रमाण ५१ टक्के होतं. म्हणजे आपल्या बायांची कमाई मुख्यतः उंबऱ्याच्या आत होते, आणि उंबऱ्याच्या आतलं काम हिशोबात धरलं जात नाही. खाला बँकेत कर्ज मागायला गेली तर दहा वर्षांची मेहनत दाखवायला तिच्याकडे एक पावती नसते.

कागद म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो, हे मला मान्य आहे. २०१९-२० च्या हिवाळ्यात आपण घराघरांत जुने दाखले शोधत होतो, एकाच नावाची तीन स्पेलिंगं बघून घाबरत होतो. पण ते कागद कुणीतरी आपल्याकडे मागणार होतं. हा कागद खाला स्वतः लिहिणार आहे, स्वतःच्या अटींवर. लिहून घेणं म्हणजे अविश्वास, असं म्हणणाऱ्या बुजुर्गांना सूरह बकराची २८२ वी आयत काढून दाखवा. कुरआनमधली सर्वांत मोठी आयत, आणि विषय काय, तर उधारीचा व्यवहार लिहून ठेवणं.

"हे परदेशी चोचले" असंही ऐकतो. इंग्लंडमध्ये ८ वर्षांखालच्या मुलांना आपल्या घरी पैसे घेऊन दिवसाला २ तासांहून जास्त सांभाळायचं, तर सामान्यतः नोंदणी सक्तीची आहे. एका वेळी अशी जास्तीत जास्त ६ मुलं, आणि घरात राहणाऱ्या १६ वर्षांपुढच्या प्रत्येकाची पार्श्वभूमी तपासली जाते. गंमत म्हणजे एवढ्या कडक देशातही घरी मुलं सांभाळणारीने धोरणांची लेखी फाईल ठेवलीच पाहिजे, अशी सक्ती नाही. आपले नियम तिला पालकांना समजावून सांगता आले पाहिजेत. तिथे वाद झाला तर तपासायला यंत्रणा बसलेली आहे. खालाकडे तशी यंत्रणा नाही, म्हणून तर तिला लिहिलेलं हवं.

एक पान पुरेल. फी किती, कोणत्या तारखेला, सुट्टीत किती, उशीर झाला तर किती. मुलाला न्यायला कोण येणार, त्याची नावं. कशाची ॲलर्जी आहे. औषध द्यायचं तर पालकाची सही. शेवटी एक वही, रोजच्या येण्याजाण्याच्या वेळेची आणि लागल्या-पडल्याची.

घरातल्या पुरुषांना एक कलम आवडणार नाही: मुलं असतात त्या वेळेत घरात आणखी कोण असतं, ते पालकांना लिहून द्यायचं. दीर, मोठा मुलगा, त्याचे दोस्त, सगळे. कुणाच्या शराफतीचा यात सवाल नाही. २०१२ चा पॉक्सो कायदा मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही न कळवणं हा गुन्हा मानतो, त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. "घरातलं घरात मिटवू" हा रस्ताच खालाला नाही, आणि हे तिला पहिलं मूल घेण्याआधी ठाऊक हवं.

बाकी सरकारी कागदांचा बाऊ करू नका. उद्यम नोंदणी ऑनलाइन आहे, मोफत आहे, आधार आणि पॅनवर होते; तिचे पैसे मागणाऱ्या एजंटला दार दाखवा. पावती दिली की जीएसटीवाले येतील, ही भीती तर हास्यास्पद. सेवांसाठी ती नोंदणी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपुढे लागते. कोणती खाला तिथे पोचली असेल तर मला भेटवा.

ज्यांना फॉर्म भरता येतात त्यांनी या रविवारी आपापल्या खालाकडे अर्धा तास बसावं. अटी तिने सांगायच्या, आपण फक्त लिहायच्या. आणि येत्या एक तारखेला फी यूपीआयने पाठवा, तिच्या स्वतःच्या खात्यावर, नवऱ्याच्या नाही.