पाणी कुणाच्या विहिरीत?

वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात काकडदरा म्हणून गाव आहे. वस्ती बहुतेक कोलामांची. 2017 च्या वॉटर कप स्पर्धेत या गावानं 45 दिवस कुदळ-फावडं चालवलं, पाणी अडवलं, राज्यात पहिला नंबर काढला. कोलामांच्या घामाला आमचा सलाम!

पण जिथं गावाला वेस आहे अन् वेशीबाहेर आपली वस्ती आहे, तिथं काय? श्रमदान म्हणे! दान कोण देतो? ज्याच्याजवळ दोन हातांशिवाय काही नाही तो. अन् मुरलेलं पाणी चढतं कुठं? सातबारावाल्याच्या विहिरीत. खोदणाऱ्या भूमिहीनाची घागर परत रांगेत.

हे बदलता येतं. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे आणि गावकऱ्यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या मापानं नाही, माणसांच्या मोजणीनं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस बंद. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. असा हिशेब आम्हा गोदीवाल्यांना लगेच कळतो. टोळीनं माल उतरवला की मजुरीत प्रत्येकाचं नाव लागतं; दान कुणी मागत नाही.

महाडला 1927 साली आपण पाण्याला हात लावला तो हक्क म्हणून. उन्हाळ्यात गावी जाल तेव्हा कुदळ जरूर उचला. पण त्याआधी ग्रामसभेत उभे राहा, विचारा: आमच्या वस्तीचा हिस्सा किती? तो ठरावात लिहून घ्या. मग खोदू.