गृहव्यवहार : आजोबांच्या मोटारीचें मोल

हदगांवच्या एका वाचकांचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांच्या वाड्याच्या जुन्या पागेंत आजोबांची दोन आसनांची, वरून उघडी अशी विलायती मोटार कित्येक वर्षें झांकून ठेवलेली आहे. आतां वाटणीचा विषय निघाला आहे. जमिनीची वाटणी सुखानें झाली. अडलें तें मोटारीपाशीं. पुण्यास असणारे धाकटे बंधु लिलावांचे छापील आंकडे दाखवून कोटींची भाषा बोलतात. थोरले बंधु म्हणतात कीं, भंगारवाला देईल तेंच खरें. "खरें मोल कोणतें?" असा प्रश्न आम्हांस केला आहे.

लिलाव व खाजगी सौदा यांतील भेद आमच्या हदगांवकरांस नव्यानें सांगावयास नको. हिंगोली-वसमतच्या बाजारांत हळदीचा लिलाव चारचौघांत होतो आणि भाव सर्वांच्या कानीं पडतो. गुरांच्या बाजारांत मात्र दोन हात रुमालाखालीं जातात, बोटें दाबलीं जातात, आणि बैल कितीस गेला हें त्या दोघांसच ठाऊक. जुन्या मोटारींचा जगांतील व्यापारही याच दोन वाटांनीं चालतो.

उदाहरण घ्यावयाचें तर इटलीच्या फेरारीची '२५० जीटीओ' ही शर्यतीची मोटार घ्यावी. १९६२ ते १९६४ या काळांत अशा अवघ्या ३६ मोटारी झाल्या. २०१४ सालीं कॅलिफोर्नियांतील लिलावांत त्यांतील एकीस ३ कोटि ८१ लक्ष डॉलर आले. २०१८ सालीं तेथेंच दुसरीस ४ कोटि ८४ लक्ष. त्याच वर्षीं तिसरी मोटार खाजगी सौद्यांत सुमारें ७ कोटि डॉलरांस गेल्याचें वर्तमानपत्रांत आलें. मग सर्वांचाच भाव सात कोटि झाला काय? नाहीं. २०२३ सालीं न्यूयॉर्कच्या लिलावांत याच जातीच्या एकीस ५ कोटि १७ लक्षच मिळाले. सात कोटींच्या मोटारीनें १९६४ सालची फ्रान्सची दीर्घ शर्यत जिंकली होती. ती रक्कम त्या इतिहासाचीही होती.

लिलावाचा आंकडा छापला जातो, म्हणून तोच मापदंड होतो. त्याच्या आधारें घरोघरचे मालक आपली मागणी चढवितात. परंतु त्या आंकड्यांत बहुधा लिलावगृहाची दलाली मिळविलेली असते, आणि विकणाराच्या हातीं त्याहून कमी पडतें. शिवाय ईर्ष्येनें बोली लावणारे दोघे त्या दिवशीं समोरासमोर आले नाहींत, तर मोटार विक्रीवांचून परत येते. आणि बाजारांतून परतलेल्या बैलाप्रमाणें तिचाही भाव पुढें उतरतो. खाजगी सौद्यांत हें भय नाहीं, घाई नाहीं, बोभाटा नाहीं. पण तेथील मोठे आंकडेच तेवढे बाहेर फुटतात, लहान झांकले जातात. कधीं कधीं तर दोन्ही वाटा एक होतात. २०२२ सालीं स्टुटगार्ट येथें मर्सिडीज-बेंझनें १९५५ सालची आपली मोटार निवडक निमंत्रितांपुढेंच लिलावांत काढली. तिला साडेतेरा कोटि युरो आले. अशा फक्त दोनच मोटारी बनल्या होत्या!

आतां आपल्या देशाकडे वळूं. इंदूरच्या यशवंतराव होळकरांची ड्यूसेनबर्ग यांसारख्या संस्थानिकांच्या कित्येक उत्तम मोटारी परदेशीं गेल्या. पुढें सरकारनें जुन्या मोटारींच्या निर्यातीवर निर्बंध घातले. तेव्हां विलायतेंतील लिलावाचा भाव हदगांवच्या पागेंत जसाचा तसा उतरणार नाहीं. २०२१ सालच्या नियमांनीं पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ रूपांत राखलेल्या गाडीस २० हजार रुपये शुल्क घेऊन 'व्हीए' अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक देण्याची सोय केली आहे. परंतु अशी गाडी नित्याच्या वापरास चालत नाहीं.

म्हणून उभय बंधूंस आमची सूचना अशी. प्रथम आजोबांचीं कागदपत्रें, खरेदीची पावती, जुनीं छायाचित्रें शोधावीं. इंजिनावरील व सांगाड्यावरील क्रमांक नोंदीशीं पडताळून पाहावे. तोंवर मोटारीस नवा रंगही देऊं नये. मूळ रूप गेलें कीं मोलही जातें. मग परस्परांशीं संबंध नसलेल्या दोन जाणकारांकडून लेखी अंदाज घ्यावा. त्या अंदाजानें घरांतील कोणी मोटार ठेवून घेत असेल, तर त्याचा मान पहिला. कोणीच घेत नसेल, तर विक्रीची वाट व किमान किंमत दोघांनीं आधीं कागदावर ठरवावी, आणि मागाहून कोणी अधिक भाव ऐकिला तरी ती गोष्ट पुन्हां काढूं नये.

लिलावांत हातोडा पडला कीं वाद संपतो. घरांतील सौद्यास हातोडा नसतो. तेथें दिलेला शब्दच हातोड्याचें काम करतो. मोटार कोणाकडेही जावो, दिवाळीस दोघां बंधूंचीं पानें एकाच पंक्तींत मांडलीं जावींत, एवढीच आमची इच्छा आहे.