कुलूपबंद आज्ञावली

शिर्डी विधानसभा मतदारसंघात लोणी हे विखे घराण्याचे गाव. त्या घराण्यातील सुजय विखे पाटील २०२४ साली भाजपच्या तिकिटावर अहमदनगर लोकसभा मतदारसंघात पराभूत झाले आणि त्यांनी ४० मतदान केंद्रांवरील यंत्रांची तपासणी मागितली. दर संचामागे शुल्क तेव्हा ४०,००० रुपये होते, वर १८ टक्के कर! यंत्रांविषयीची शंका म्हणजे विरोधकांची रड, असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

या पैशांत मिळत होते काय? सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी यंत्रातील चिपच्या तपासणीची मुभा दिली. आयोगाने जुलै २०२४ मध्ये ठरविलेल्या पद्धतीत मात्र यंत्रावर फार तर १,४०० अभिरूप मते टाकून बेरीज चिठ्ठ्यांशी ताडावयाची होती. चिपमधील आज्ञावली वाचण्याची सोय त्या पद्धतीत नव्हती.

आज्ञावली झाकणे हे सॉफ्टवेअरच्या धंद्यातील एक शास्त्रच आहे. नावे निरर्थक करायची, नेहमीच खऱ्या ठरणाऱ्या अटी घुसडायच्या, सरळ ओघ तोडून भूलभुलैया उभा करायचा. म्हणजे उलट उकल करणारा थकतो. थकतो, हरत नाही. कोणतीही आज्ञावली पूर्णपणे झाकून टाकील अशी सर्वसाधारण युक्ती असूच शकत नाही, हे २००१ साली गणिताने सिद्ध झाले आहे. व्यापाऱ्याने आपला माल झाकावा, हे समजू शकते. तरीही प्रताधिकार कायद्याचे ५२ वे कलम कायदेशीर प्रत बाळगणाऱ्यास तिच्या कार्याचा अभ्यास करू देते. मतदान यंत्रातील वाचनबंदी तंत्राने निराळी असली तरी जातकुळी तीच. पण मत हा कोणाचा माल?

आज्ञावली उघडी केल्यास दुरुपयोग होईल, हा युक्तिवाद तकलादू आहे. यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी सुरक्षित राहिली पाहिजे, हे केर्कहॉफ्स यांनी १८८३ सालीच सांगितले. आरोग्य सेतूची आज्ञावली सरकारने मे २०२० मध्ये खुली केलीच ना? उलट मतदान यंत्रातील उणिवा दाखविणारे हरी प्रसाद यांना २०१० साली मुंबई पोलिसांनी यंत्रचोरीच्या आरोपाखाली अटक केली.

अर्थात आज्ञावली छापून भागणार नाही. चिपमध्ये तीच आहे याचा पुरावा हवा. तो मिळेपर्यंत भिस्त कागदी चिठ्ठ्यांवर, आणि त्या मोजल्या जातात दर विधानसभा क्षेत्रातील अवघ्या पाच केंद्रांच्या. तपासणीचा अर्ज दुसऱ्या वा तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारानेच, निकालानंतर सात दिवसांत, पाच टक्के यंत्रांपुरताच करावयाचा असतो. तेव्हा मतदान प्रतिनिधींनी यंत्रांचे अनुक्रमांक आणि नमुना १७-सी ची प्रत त्याच संध्याकाळी ताब्यात घ्यावी.