सप्तपदी झाली, नोंदीचे काय?

तुळशीचे लग्न लागले की नागपुरातील मंगल कार्यालयांना उसंत राहत नाही. पत्रिकांची छपाई, आहेराच्या याद्या, रुखवताची मांडणी आणि पंगतीचा बेत यांची चर्चा घराघरांतून महिनोन्‌महिने चालते. विदर्भातील सुशिक्षित मध्यमवर्गीय घरांतील मुली आता पुण्या-मुंबईपुरत्याच सासरी जात नाहीत. कोणी न्यू जर्सीला, कोणी टोरांटोला, कोणी लंडनला पतीच्या मागोमाग संसार थाटायला निघते. तिच्या बॅगेत कुरड्या, सांडगे, मेतकूट आणि देव्हाऱ्यातील अन्नपूर्णा आठवणीने ठेवली जाते. मात्र ज्या कागदांच्या आधारे ती परक्या देशात कोणाची कोण हे सिद्ध व्हायचे असते, ते कागद निघण्याच्या आदल्या रात्री कपाटातून शोधून पिशवीत कोंबले जातात. या एका गोष्टीतील निष्काळजीपणा किती महाग पडतो, याचा विचार समाज म्हणून आपण गांभीर्याने केलेला नाही.

हिंदू विवाह हा करार नव्हे, संस्कार आहे, ही आपली धारणा आहे आणि कायद्यानेही ती मान्य केली आहे. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमातील सातव्या कलमानुसार, ज्या विवाहविधीत सप्तपदीचा समावेश आहे, तो सातवे पाऊल टाकताच पूर्ण आणि बंधनकारक होतो. त्याच अधिनियमाच्या आठव्या कलमात नोंदणीची तरतूद आहे. पण नोंद झाली नाही म्हणून विवाह अवैध ठरत नाही, असेही तेथेच स्पष्ट केले आहे. यावरून अनेकांनी सोयीचा अर्थ काढला की, नोंदणी ही ऐच्छिक औपचारिकता आहे. घरच्या माणसांना, भटजींना आणि अग्नीला साक्ष ठेवून लागलेल्या लग्नाला सरकारी शिक्का कशाला, असा प्रश्न आजही वडीलधारी मंडळी विचारतात. भारतात राहणाऱ्या जोडप्याच्या बाबतीत या प्रश्नात थोडेफार तथ्य असेलही. परंतु देशाची सीमा ओलांडताच अग्नीची साक्ष घ्यायला तेथे कोणी बसलेले नसते.

इतिहासाने दिलेला धडा

याचा कटू अनुभव आपल्या समाजाने शंभर वर्षांपूर्वीच घेतला आहे. मार्च १९१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील केप प्रांताच्या न्यायालयात न्या. सर्ल यांनी एक निर्णय दिला. पतीकडे राहायला आलेल्या एका भारतीय मुस्लीम स्त्रीच्या प्रवेशाचे ते प्रकरण होते. ख्रिस्ती पद्धतीने न लागलेला आणि विवाह निबंधकाकडे न नोंदलेला विवाह तेथील कायदा मानत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. एका फटक्यात हिंदू, मुसलमान आणि पारशी अशा हजारो स्त्रियांचे पत्नीपदच संशयास्पद ठरले. त्या अपमानाने कस्तुरबा गांधी सत्याग्रहात उतरल्या आणि सप्टेंबर १९१३ मध्ये त्यांनी तीन महिन्यांची शिक्षा पत्करली. त्या लढ्यासाठी नामदार गोखले यांनी भारतात निधी उभा केला. अखेर १९१४ च्या कायद्याने भारतीय विवाहांना मान्यता मिळाली. आपल्या संस्काराचा मान राखण्यासाठी त्या पिढीतील स्त्रियांना तुरुंगात जावे लागले. आज तोच मान राखण्यासाठी महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात एकदा जावे लागते, एवढेच.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या बांधवांनी नागपुरात जरीपटका वसवला. सीमेपलीकडे राहिलेल्या हिंदूंच्या विवाहांना नोंदणीचा कायदा मिळायला सिंध प्रांतात २०१६ साल उजाडले आणि उर्वरित पाकिस्तानात २०१७. म्हणजे सत्तर वर्षे तेथील हिंदू स्त्रीच्या हाती आपण विवाहित असल्याचा सरकारी पुरावा नव्हता. पळवून नेलेली मुलगी विवाहित होती हे सिद्ध करणे, विधवेला वारसाहक्क मिळवून देणे, पतीचे नाव ओळखपत्रावर लावणे या साऱ्याच गोष्टी त्यामुळे दुष्कर होत्या. तेथील भगिनींनी ज्या कागदासाठी दशकानुदशके वाट पाहिली, तो आपल्याला अल्प शुल्कात मिळतो आणि आपण तो घेण्याचा आळस करतो, यास काय म्हणावे?

विधीविना कागद, कागदाविना विधी

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००६ मध्ये सर्वधर्मीय विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले. महाराष्ट्रात त्याआधीच १९९८ चा विवाह मंडळे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम झालेला होता. विवाहानंतर नव्वद दिवसांच्या आत वधूवरांनी साक्षीदारांसह निबंधकाकडे ज्ञापन द्यावे, अशी त्यात तरतूद आहे. कायदा आहे, कार्यालये आहेत, शुल्क किरकोळ आहे. अभाव आहे तो केवळ आपल्या इच्छेचा.

मात्र याच्या उलट टोकाची एक अनिष्ट प्रथाही अलीकडे रुजते आहे. मुलाला रजा मिळत नाही, व्हिसाचा अर्ज लवकर करायचा आहे, म्हणून साखरपुड्यानंतर लगेच कागदोपत्री नोंदणी उरकून घ्यायची आणि विधी सहा महिन्यांनी करायचे, असा प्रकार कित्येक घरांत घडतो. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. नागरत्ना आणि न्या. मसीह यांच्या पीठाने या प्रवृत्तीवर नेमके बोट ठेवले. विधी झालेलेच नसतील तर केवळ नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असे सांगताना परदेशी जाण्याच्या व्हिसासाठी अशा नोंदी केल्या जातात याचाही न्यायालयाने उल्लेख केला आणि विवाह हा नाचगाण्याचा किंवा मेजवानीचा प्रसंग नसून पवित्र संस्कार आहे, याची आठवण करून दिली. विधी आधी आणि नोंद लगेच नंतर, हा क्रम म्हणूनच मोडू नये. विधीविना कागद पोकळ आहे आणि कागदाविना विधी परदेशात मुका आहे.

नावाचा घोळ

कागदपत्रांतील सर्वांत मोठी अडचण कागद नसण्याची नसते, तर प्रत्येक कागदावर वेगळे नाव असण्याची असते. आपल्याकडे बारसे जन्मानंतर बाराव्या दिवशी. त्यामुळे रुग्णालयाने पाठवलेल्या जन्माच्या नोंदीत बाळाच्या नावाचा रकाना अनेकदा रिकामाच राहतो आणि पुढे तो भरण्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव, पदवीवरही तेच. मग लग्नात तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने नवे नाव लिहिले जाते आणि आधार पत्रावर, बँकेत, पारपत्रावर तिसरेच रूप अवतरते. नागपूर विद्यापीठाची पदवी घेतलेली मुलगी आणि पारपत्रावरील सौभाग्यवती या एकच व्यक्ती आहेत, हे परक्या अधिकाऱ्याने कशावरून मानावे?

कायदा विवाहानंतर नाव बदलण्याची सक्ती करत नाही. पारपत्रावरील नाव लग्नानंतर बदलण्याची महिलांना गरज नाही, हे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितले होते. माहेरचे नाव ठेवल्याने कुलधर्म बुडतो, असे ज्यांना वाटते त्यांनी रामायण-महाभारताकडे पाहावे. सीता अयोध्येची राणी झाली तरी जानकी, वैदेही, मैथिलीच राहिली. कौसल्या, कैकेयी, गांधारी, द्रौपदी ही सारी नावे माहेरची ओळख सांगतात. नाव बदलायचेच असेल तर राजपत्रातील प्रसिद्धी, पारपत्र, बँक आणि अन्य ओळखपत्रे असा सर्वत्र एकच बदल व्हावा आणि तो व्हिसाच्या अर्जापूर्वी पूर्ण व्हावा. तिकीट, व्हिसा आणि पारपत्र यांवरील नावात एका अक्षराचाही फरक असू नये.

मुलीसोबत काय द्यावे?

पारपत्र अर्थातच सर्वप्रथम. त्यानंतर विवाह नोंदणीचा मूळ दाखला, नाव असलेला जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, पदव्या व गुणपत्रिका, विद्यापीठाकडून मोहोरबंद पाकिटात घेतलेली गुणांची प्रमाणित प्रत, अनुभवाची पत्रे, लसीकरणाची नोंद आणि वाहन चालवण्याचा परवाना. कायम वास्तव्याच्या व्हिसासाठी बहुधा पोलिसांचे निर्दोषत्व प्रमाणपत्र लागते. ते पारपत्र कार्यालयामार्फत मिळते. दाखला केवळ मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी अनुवाद जोडावा. सरकारी कागद परदेशात ग्राह्य व्हावा यासाठी १९६१ चा हेग करार आहे. भारतात तो जुलै २००५ पासून लागू आहे आणि कॅनडासाठी जानेवारी २०२४ पासून. त्या करारानुसार परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल चिकटवून घ्यावे लागते. जेथे तो करार चालत नाही, तेथे त्या देशाच्या दूतावासाचे साक्षांकन लागते. कोणत्या देशाला काय चालते, हे त्या देशाच्या वकिलातीच्या सूचनांवरून निघण्याच्या कितीतरी आधी पाहावे. शेजारच्या घरातील मुलीला काय लागले होते, यावर विसंबू नये.

लग्नातील छायाचित्रे, निमंत्रणपत्रिका आणि दोघांच्या नावचे खाते यांनाही पुराव्याचे मोल आहे. अमेरिकेत कायम वास्तव्यासाठी जाणाऱ्या पत्नीच्या विवाहाला प्रवेशाच्या वेळी दोन वर्षे झालेली नसतील, तर तिला मिळणारा निवासाधिकार सशर्त असतो आणि तो पक्का करताना विवाह खरा असल्याचे पुन्हा दाखवावे लागते. दागिने सोबत नेताना निघतानाच सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. म्हणजे परत येताना आपल्याच मंगळसूत्रावर शुल्काचा वाद होत नाही. वधूला मिळालेल्या भेटींची लेखी यादी तिने स्वतःजवळ ठेवावी, असे १९८५ चे हुंडा प्रतिबंधक नियम सांगतात. ही यादी म्हणजे तिच्या स्त्रीधनाचा पुरावा आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे, मूळ कागद तिच्याच ताब्यात असावेत. नव्या घरी पोहोचताच सुनेचे पारपत्र सांभाळायला म्हणून सासूबाईंच्या किंवा पतीच्या कपाटात जाते आणि मग तिला ते मागावे लागते, हे वेळोवेळी घडते. पारपत्र अधिनियम १९६७ प्रमाणे पारपत्र ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे. ते कोणा पतीच्या मालकीचे नाही. साऱ्या कागदांचा एक साक्षांकित संच माहेरी आणि एक संगणकीय प्रत डिजिलॉकरमध्ये असावी. यात जावयावर अविश्वास नाही. घराला कुलूप लावणारा माणूस शेजाऱ्याला चोर म्हणत नसतो.

चौकशी हा अपमान नव्हे

आपण छत्तीस गुण जुळवतो, गोत्र पाहतो, नाडीदोषाची चर्चा करतो; पण परदेशस्थ मुलाचे पारपत्र, व्हिसाचा प्रकार, नोकरीचे पत्र आणि आधी विवाह झाला असल्यास घटस्फोटाचा अंतिम हुकूमनामा पाहायला संकोचतो. व्याह्यांना काय वाटेल, या भीडेपायी मुलीचे आयुष्य पणाला लावले जाते. चांगल्या घराण्यातील व्याही हे कागद स्वतःहून पुढे करतील. जे टाळतील त्यांच्याविषयी आधीच कळलेले बरे. पत्नी म्हणून गेलेल्या मुलीचा तेथील निवास बहुतेक वेळा पतीच्या परवान्यावर अवलंबून असतो, नोकरीचा अधिकारही लगेच मिळेलच असे नाही. अशा स्थितीत फसवणूक झाली तर कागदांशिवाय तिला पोलीस, न्यायालय आणि भारतीय दूतावास या तिन्ही ठिकाणी आधी आपण कोण हेच सिद्ध करत बसावे लागते.

अनिवासी भारतीयांशी झालेल्या विवाहांत फसलेल्या स्त्रियांसाठी कायदा करावा, अशी सूचना सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच केली होती. २००९ पासून राष्ट्रीय महिला आयोगाकडे अशा तक्रारींसाठी स्वतंत्र कक्ष आहे. सुषमा स्वराज यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये अनिवासी भारतीयांच्या विवाह नोंदणीचे विधेयक राज्यसभेत मांडले. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मधील २८७ व्या अहवालात अशा विवाहांची सक्तीची नोंदणी आणि पतीपत्नींची पारपत्रे परस्परांशी जोडण्याची शिफारस केली. इतके होऊनही कायदा झालेला नाही. सुषमाजींचे हे अपुरे राहिलेले काम पूर्ण करणे आपल्याच विचारांच्या सरकारचे कर्तव्य आहे आणि त्याची आठवण करून देणे हे आपले. उत्तराखंडाने जानेवारी २०२५ पासून समान नागरी संहितेत विवाह नोंदणी अनिवार्य केली आहे. स्त्रीला धर्म न पाहता संरक्षण देणाऱ्या या वाटेवर इतर राज्यांनीही यावे.

तथापि कायद्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. कुटुंब प्रबोधनाच्या बैठकीत आपण सणवार, भाषा, भोजन यांविषयी बोलतो. त्यात हा विषयही यावा. वस्तीतील वकील आणि पारपत्राचे काम जाणणारा कार्यकर्ता यांनी लग्नसराईपूर्वी एक दिवस वधूवरांचे कागद तपासून द्यावेत. भगिनींच्या शाखांनी आणि महिला मंडळांनी निघणाऱ्या प्रत्येक मुलीच्या हाती तेथील महाराष्ट्र मंडळाचा, हिंदू स्वयंसेवक संघाच्या शाखेचा आणि भारतीय दूतावासाचा संपर्क लिहून द्यावा. कन्यादान करणाऱ्या पित्याची जबाबदारी विमानतळावर संपत नाही. आपली लेक परदेशात कोणाची तरी आश्रित म्हणून नव्हे, तर भारताची नागरिक आणि विधिवत पत्नी म्हणून मान ताठ ठेवून उभी राहावी, यासाठी तिच्या ओटीत नारळाबरोबर हे कागदही घालायला हवेत.