सोनचाफा फुलत नाहीं म्हणून

श्रावण लागला कीं सोनचाफ्याविषयींचीं पत्रें आमच्याकडे येऊं लागतात, आणि त्यांतील निम्म्यांत तक्रार एकच असते. झाड अंगणांत सहा-सात वर्षें उभें आहे, कौलांच्या वर गेलें आहे, पानें टवटवीत आहेत. परंतु फूल म्हणून एक नाहीं. घरांतील वडील मंडळी त्यास वांझ ठरवून मोकळी झाली आहे, पाचोळा फार पडतो ही आणखी एक सबब मिळाली आहे, आणि आतां कुऱ्हाड लावावी कीं न लावावी एवढाच प्रश्न उरला आहे.

आमचें उत्तर असें कीं, कुऱ्हाड ठेवून द्यावी आणि तें झाड बियांचें आहे कीं कलमी, याचा आधीं तपास करावा. बियांपासून वाढलेला सोनचाफा फुलावर येण्यास आठ-दहा वर्षें सहज घेतो. सातव्या वर्षीं ज्यास शिक्षा व्हावयाची, तें झाड कदाचित् दोन पावसाळ्यांनीं पहिली ओंजळ देणार असतें. (वांझ हा शब्द आम्हांस झाडासहि लावलेला रुचत नाहीं, माणसांना लावलेला तर मुळींच नाहीं.) शिवाय शहरांत राहणाऱ्यांनीं हेंहि ध्यानांत घ्यावें कीं, १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणें आपल्याच अंगणांतील झाड तोडावयाचें तरी त्यास आधीं परवानगी लागते.

झाड कलमी असून फुलत नसेल, तर गोष्ट वेगळी. कलम दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं फुलूं लागलें पाहिजे. ‘दोन वर्षें भरभरून फुललें आणि मग थांबलें’ असें कोणी कळविलें म्हणजे आमची पहिली शंका सांध्यावर जाते. कलम बांधतांना खालचा खुंट बियांच्या रोपाचा घेतलेला असतो. त्या खुंटास सांध्याच्या खालून कोंब फुटतात. ते जोमदार, सरळ, पाहून आनंद व्हावा असे वाढतात आणि वरच्या कलमाच्या तोंडचें अन्नपाणी पळवितात. होतां होतां कलम वाळून जातें, आणि आपण दहा वर्षांनीं फुलणाऱ्या रानटी रोपास कौतुकानें पाणी घालीत राहतों. याकरितां महिन्यांतून एकदां वांकून बुंधा पाहावा व खालचे कोंब कोंवळे असतांनाच खुडून टाकावे. हें काम घरांतील मुलांकडे सोंपवावें. त्यांना वांकण्याचे श्रम होत नाहींत.

सांधा शाबूत असेल तर ऊन पाहावें. सोनचाफ्याचीं फुलें पानांच्या बेचक्यांत, नव्या फांद्यांवर येतात. आणि उंच इमारतीच्या सावलींत नवी फांदी धरते ती केवळ लांबण्यासाठीं. शेणखताचा अतिरेक झाला तरीहि पानांचाच पसारा वाढतो. अशा झाडाचा शेंडा छाटून त्यास आडवें पसरूं द्यावें. वसईकडील बागाईतदार मुंबईच्या दादर बाजारासाठीं चाफा लावतात, ते कलमें हाताशीं येतील एवढींच ठेवतात. फूल खुडावयास शिडी लावावी लागली कीं तो धंदा परवडत नाहीं.

नवें रोप घेणारांची अडचण नांवापासून सुरू होते, कारण आपण सुवासिक दिसेल त्यास चाफा म्हणत आलों. देवळाच्या आवारांतील पांढरा चाफा मूळचा अमेरिकेंतला, कण्हेरीच्या कुळांतला. भुईचाफा आल्याचा भाऊबंद. हिरवा चाफा सीताफळाच्या गोतांतला, म्हणजे सोनचाफ्याचा दूरचा आप्त. खरा सोनचाफा मॅग्नोलिया कुळांतील आहे. लिनियसनें १७५३ सालीं त्यास ‘मिचेलिया चंपाका’ म्हटलें. त्यांतलें दुसरें पद आपल्या संस्कृत चंपकावरून आलें आहे. पुढें शास्त्रज्ञांनीं त्यास मॅग्नोलियांतच घातलें. हें कुळ फार प्राचीन, मधमाश्यांच्याहि आधींचें. त्यांतील पुष्कळ फुलांचें परागीकरण भुंगेरे करतात. भ्रमर चंपकाकडे फिरकत नाहीं हा आपल्या कवींचा जुना संकेत. त्यांनीं तो भ्रमराच्या अरसिकतेवर ढकलला, पण फुलाची सोयरीक दुसरीकडे आधींच जमलेली होती!

बी लावावयाची हौस असेल तर ती ताजी हवी. फळें उकललीं कीं आंत तांबड्या गराच्या बिया दिसतात. पक्ष्यांच्या आधीं त्या काढाव्या, गर धुऊन टाकावा आणि लगेच पेराव्या. डबींत जपून ठेवलेली बी बहुधा रुजत नाहीं. मात्र रानांत हें झाड शंभर फुटांच्या घरांत जातें, तेव्हां भिंतीपासून दूर, मोकळी जागा असेल तरच बियांच्या वाटेस जावें. ज्या घरांत आजी आणि नातवंडें दोघेंहि आहेत व जागा आहे, तेथें आम्ही दोन्ही लावण्यास सांगतों: कलम आजीच्या पूजेसाठीं, रोप नातवंडांसाठीं.

कोंकणच्या तांबड्या, निचऱ्याच्या जमिनींत चाफ्यास फारसें कांहीं करावें लागत नाहीं. देशावरील काळ्या मातींत मात्र त्याचीं मांसल मुळें साचलेल्या पाण्यानें कुजतात. तेथें दोन फूट खोल खड्डा घेऊन तळाशीं विटांचे तुकडे व मुरूम, वर माती, वाळू आणि पूर्ण कुजलेलें शेणखत भरावें, आणि रोप किंचित् उंचवट्यावर बसवावें. पिशवी फाडतांना मुळांभोंवतालचा मातीचा गोळा फुटूं देऊं नये. एकदां जागा दिली कीं पुन्हा हलवूं नये. पानें पिवळीं व शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर चुनखडीच्या जमिनींत लोह मिळत नाहीं असें समजावें. अशा वेळीं अधिक पाणी घालणें म्हणजे रोगास औषध म्हणून रोगच देणें होय. ज्यांच्या वांट्यास केवळ गॅलरी आली आहे, त्यांनीं याच कुळांतील बुटका कवठी चाफा मोठ्या कुंडींत लावून पाहावा. त्याचें फूल पांढरें, आणि वास सायंकाळीं पसरतो.

फुलें पहाटे, पुरतीं उमलण्याच्या आधीं, देठाशीं धरून खुडावीं. पाकळीस बोट लागलें कीं ती तपकिरी पडते. झाडावर राहिलेल्या फुलांचीं फळें धरतात व झाडाचें बळ तिकडे जातें, म्हणून देवास वाहून उरलेलीं फुलें शेजारीं धाडावीं, पण झाडावर ठेवूं नयेत.